एक हात कमी

टेबलावर चार हात पडले होते. पाचवा मधल्याच्या खिशात होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता.

दुकानाला आठवड्याची सुट्टी होती. शटर कमरेपर्यंत ओढलेलं, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. भिंतीला टेकून काचा उभ्या होत्या, त्यांच्या पलीकडे तपकिरी कागदात गुंडाळलेले आरसे, खाली पुट्टीचे डबे. मधोमध काच कापायचं लांबरुंद टेबल, त्यावर ठोकलेला जाड लोकरीचा नमदा. घरातले सगळे मोठे निर्णय याच टेबलाभोवती झाले होते. पद्धत वडिलांची. ते म्हणायचे, या टेबलावर हात ठेवायचा तर आधी नीट बघायचं, कुठे काचेचा कण असेल सांगता येत नाही. म्हणून ज्याला एखादी गोष्ट मान्य असेल त्याने बघून, विचार करून हात ठेवायचा. सगळ्यांचे हात पडले तर काम करायचं. एकाचा जरी नसला तर नाही.

वडील गेल्यावर दुसरं दुकान विकलं, त्याचे पैसे सामाईक ठेवले. ते कोणत्या कंपनीत घालायचे तेही हातांवरच ठरत आलं होतं.

“मधल्या,” दादा म्हणाले, “हात काढ. बसून बसून माझी कंबर धरली.”

“तुम्ही उठा ना मग. मी कुठे अडवलंय?”

“अडवलंयस म्हणूनच बसलोय!”

धाकटी हसली. ती या दोघा भावांची बहीण, इस्पितळात नर्स. रात्रपाळी करून आली होती आणि स्टुलावर बसल्या बसल्या चपलेतून पाय काढून घोटे चोळत होती. तिचा एक हात मात्र टेबलावर होता. मधल्याला तेच लागलं होतं. आजवर दादाशी त्याचं जमलं नाही की धाकटी त्याच्या बाजूने उभी राहायची. आज तिने सगळ्यांच्या आधी हात ठेवला होता.

“भाऊ, ऐक जरा,” ती म्हणाली. “आधीच्या कंपनीतून बाहेर पडलो तेव्हापासून पैसा बँकेत नुसता पडून आहे. त्यावर जे येतं त्यात माझं भागत नाही. हे झालं तर मी रात्रपाळी सोडू शकते. मी स्वतःसाठी कधी काही मागितलंय का?”

“नाही मागितलंस.”

“मग?”

मधल्याने तिच्या घोट्यांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दादांच्या मुलाला घरात सगळे साहेब म्हणत. बँकेत होता, शर्ट कायम खोचलेला, आणि बोलायला लागला की समोर फळा असल्यासारखा हात हलवायचा. त्याने लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा वळवला.

“काका, मी पुन्हा सांगतो. जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं काढून पुन्हा वापरात आणणारी कंपनी आहे. खाणीतून नवं शिसं काढावं लागत नाही. पर्यावरणाच्या बाबतीत सगळ्यात वरचा दर्जा मिळालाय. कामगारांना बस, मास्क, दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी. आणि परतावा चांगला. अहो, एरवी एक मिळतं तर दुसरं मिळत नाही. इथे दोन्ही आहे.”

“आणि काकूची अटही पाळली,” दादा म्हणाले. “तुझी बायको म्हणजे आपली फाटकवाली. तिच्या नियमाप्रमाणेच सगळं केलंय. तिच्या लेकीनेच केलंय.”

फाटकवाली हे नाव दादांनीच पाडलं होतं, चिडवायला. नंतर तेच तिच्या मागून कौतुकाने घ्यायला लागले. कुठल्याही कंपनीत पैसे घालायचं ठरलं की ती त्या कारखान्याच्या फाटकावर जायची. पाळी सुटताना उभी राहायची आणि बाहेर पडणाऱ्यांना एकच विचारायची, “तुमच्या मुलाला इथे लावाल का?” बाकी काही नाही. लोक थांबायचे, हसायचे, खांदे उडवायचे. कुणी म्हणायचं, माझं झालं तेवढं पुरे, पोराला नको. असं बऱ्याच जणांनी म्हटलं की ती घरी येऊन टेबलावर हात ठेवायची नाही. साहेबाच्या आधी घरात कुणाला कंपन्यांमधलं फारसं कळत नव्हतं, पण या एका प्रश्नावर त्यांनी दारूचा कारखाना टाळला होता, रंगाचा सोडला होता, आणि शेवटी सिमेंटवाल्यांतून पैसे काढून घेतले होते. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ती गेली.

तिचा हात आता लेकीकडे आला होता. पहिल्यांदाच. लेक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. टेबलावर तिने बोटं पसरून हात ठेवला होता. नखं बारीक कापलेली, आईसारखीच. मधला तिकडे बघायचं टाळत होता.

“बाबा, मी जाऊन आले,” ती म्हणाली. “दोन्ही पाळ्या सुटताना उभी राहिले. आईचाच प्रश्न विचारला. सगळे हो म्हणाले. एकजण तर म्हणाला, मुलाला कशाला, मुलीलाही लावीन. तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही का?”

“आहे.”

“मग हात का नाही?”

मधल्याने खिशातल्या हाताची मूठ केली. हे बोलायचं कसं, याची त्याने वाटेत जुळवाजुळव केली होती. पण इथे आल्यावर ती सगळी विसकटली होती. शेवटी तो सरळच बोलला.

“मीही जाऊन आलो.”

दादांनी कपाळाला हात लावला. तो टेबलावरून उचलला गेला हे लक्षात येताच घाईने परत ठेवला.

“कधी?” लेक म्हणाली.

“परवा.”

“माझ्या मागून? मी जाऊन आल्यावर?”

“तुझी तपासणी करायला नाही गेलो गं. घरात बसवत नव्हतं. म्हटलं, ती जायची तिथे जाऊन उभं राहावं.”

ती गेल्यापासून मधला असाच कुठे कुठे जाऊन उभा राहतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एकदा तिच्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसला होता.

त्या दिवशी फाटकावर तो समोरच्या बाजूला उभा राहिला, नेहमीच्या सवयीने. ती असताना त्याचं काम एवढंच असायचं. तिची पिशवी धरायची आणि रस्त्याच्या पलीकडे थांबायचं. प्रश्न त्याने आयुष्यात कधी विचारला नव्हता. पाळी सुटली. माणसं आली, धुतलेले हात, विंचरलेले केस, कुणी कुणाची टिंगल करतंय, कुणी बसमध्ये जागा पकडायला पळतंय. त्यांना विचारायची गरजच नव्हती. बघूनच कळत होतं. तो निघाला असता. पण त्याला निघवेना. पिशवी नसलेले हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं, म्हणून तो चहाच्या टपरीवर जाऊन बसला. तिथे एक ट्रकवाला बसला होता. ट्रक फाटकात जायची वाट बघत उभा होता.

“ट्रकमध्ये बॅटऱ्या असतील असं मला वाटलं,” मधला सांगू लागला. “सहज विचारलं. तर म्हणाला, बॅटऱ्या कुठल्या? बॅटऱ्या इथे येतच नाहीत. इथे आतलं शिसं येतं, फोडून काढलेलं. म्हटलं, फोडतात कुठे? तो म्हणाला, थांबा, माल उतरवला की रिकामा परत तिकडेच जायचंय, चला.”

“आणि तू गेलास,” दादा म्हणाले. “अनोळखी माणसाच्या ट्रकात.”

“चांगला माणूस होता.”

“सगळे चांगलेच असतात, ट्रकात बसेपर्यंत.”

“दादा, त्याला बोलू द्या,” धाकटी म्हणाली.

गावाबाहेर पत्र्याच्या शेडी होत्या. मधल्याने वर्णन करायचा प्रयत्न केला, पण त्याला ते नीट जमत नव्हतं. बॅटऱ्यांचा ढीग. बसून कुऱ्हाडीने फोडणाऱ्या बायका, पुरुष. फोडली की आतलं पाणी जमिनीवर ओतायचं. ते वाहत जाऊन खड्ड्यात साठायचं, आणि खड्ड्याच्या कडेला गवताची एक काडी नाही. मास्क नाही, तोंडाला फडकं. जीभ गोड लागायला लागली की थोडा वेळ उठून बाहेर यायचं, असं त्याला तिथल्या एकाने सांगितलं. गोड, हा शब्द त्याने दोनदा सांगितला.

लेकीचा चेहरा उतरला होता. तिला शिशाची चव माहीत नव्हती, पण पाण्यात ते किती उतरलं की काय होतं ते माहीत होतं.

“ही शेड कंपनीची नाही,” साहेब म्हणाला. “काका, मी अंगावर येत नाही तुमच्या, पण हे समजून घ्या. ते पुरवठादार आहेत. वेगळा माणूस, वेगळा धंदा. दर्जा देणारे कंपनीच्या कंपाउंडच्या आत काय चालतं ते बघतात.”

“आणि बाहेर?”

“बाहेरचं त्यांच्या हातात नाही.”

“माल तर बाहेरून यांच्याच हातात येतो.”

साहेबाने लॅपटॉपवरचं पान उगीच मागेपुढे केलं. तो वाईट मुलगा नव्हता. काकूच्या आजारपणात सगळ्यात जास्त फेऱ्या त्यानेच मारल्या होत्या. पण महिनाभर रात्री जागून त्याने ही एक कंपनी शोधली होती, आणि ती काकूला आवडली असती असं त्याला मनापासून वाटत होतं.

“तू तिथे विचारलंस का?” दादांनी एकदम विचारलं.

“काय?”

“फाटकवालीचा प्रश्न. त्या शेडीत.”

मधल्याला वाटलं होतं की इथवर कुणी येणार नाही. पण दादा होते ते. उधारीवरचं गिऱ्हाईक काय दडवतंय ते त्यांना त्याच्या उभं राहण्यावरून कळायचं.

“विचारला,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“एका बाईला. माझ्याएवढीच असेल. आयुष्यात पहिल्यांदा विचारत होतो, शब्द तोंडातून निघेनात. म्हटलं, बाई, तुमच्या मुलाला इथे लावाल का?”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, लावलाय की. तो काय पलीकडे. धाकट्यालाही लावायचंय, पण मुकादम म्हणतो जागा नाही. तुमची ओळख आहे का हो?”

शटरखालून कुणाचे तरी पाय गेले, थांबले, आणि दुकान बंद आहे हे बघून पुढे गेले.

दादांनी दुसरा हातही टेबलावर ठेवला आणि पुढे वाकले. “म्हणजे हो म्हणाली.”

“हो.”

“फाटकावरही हो. शेडीतही हो. तुझ्या बायकोचा नियम, तिचा प्रश्न, तिच्या लेकीने विचारला, तू विचारलास. दोन्हीकडे हो. मग तू आज कुणाच्या विरुद्ध बसलायस? माझ्या नाही. तिच्या विरुद्ध बसलायस.”

“दादा!” धाकटी म्हणाली.

“बोलू दे मला. ती असती तर आत्ता तिचा हात इथे असता. तिने एकदा नियम केला की केला. तूच सांग, असता की नाही?”

मधल्याने विचार केला. हाच विचार तो परवापासून करत होता. येताना बसमध्ये, घरी कुलूप उघडताना, एकट्यासाठी भात टाकताना. ती तिथे असती आणि त्या बाईने तसं उत्तर दिलं असतं, तर तिने काय केलं असतं? त्याला खात्रीने सांगता येत नव्हतं. कदाचित ती तिथे खड्ड्याजवळ बसून राहिली असती. कदाचित म्हणाली असती, त्यांना हवंय तर आपण कोण नको म्हणणारे. हट्टी होती. स्वतःचा नियम मोडायला तिला जड जायचं.

“असता बहुतेक,” तो म्हणाला.

“ऐकलंत?” दादा सगळ्यांकडे वळले.

“असता, आणि तिचं चुकलं असतं.”

हे त्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि त्यालाच धक्का बसला. ती गेल्यापासून तिचं काही चुकतं असं त्याने मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. तिने लावलेली भांडी तशीच, तिने ठरवलेला दूधवाला तोच, तिने चुकीच्या बाजूला लावलेली दाराची कडीसुद्धा तशीच.

“तिचा प्रश्न चांगला होता,” तो म्हणाला. आता त्याचा आवाज वाढला होता. “पण ज्याला दुसरं काम मिळू शकतं, त्याला विचारायचा प्रश्न होता तो. त्या बाईला काय विचारता? तिने नाही म्हणायचं कशाच्या जोरावर? ती हो म्हणाली म्हणून मी इथे हात ठेवू? तिच्या होकारावर मी पैसे कमवू?”

“मग तू बायकोच्या विरुद्ध जाणार.”

“जाणार. आख्खा संसार तिच्या विरुद्ध जाऊन केला मी. आज काही नवीन नाही. आणि ती प्रत्येक वेळी भांडली, पण एकदाही म्हणाली नाही की तुम्ही बोलू नका.”

धाकटीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिने ते खांद्याला पुसलं.

“ठीक आहे,” दादा म्हणाले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. “नियमच सांगायचे तर मी पण सांगतो. ही हाताची पद्धत वडिलांची होती. तेव्हा आम्ही लहान होतो, सगळ्यांचं एक मत व्हायचं म्हणजे वडिलांचं मत व्हायचं. आता तसं नाही. चार हात आहेत, एक नाही. चार पुष्कळ झाले. साहेबा, उद्या फॉर्म भर.”

“बाबा...” साहेब म्हणाला.

“भर म्हणतोय ना!”

मधला उठला नाही. त्याने हातही खिशातून काढला नाही. “भरा,” तो म्हणाला. “माझ्या नावाने जे येईल ते वेगळं काढा. दुकानातला भाग काढा म्हणालात तर तोही काढा. मला दमडी नको त्यातली. पण माझा हात पडला असं कुणाला सांगू नका.”

त्याला भीती वाटत होती. हे दुकान सुटलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हे त्याला माहीत नव्हतं. रिकामं घर होतं, आणि हे टेबल होतं. तिसरी जागा नव्हती. तरी तो बसून राहिला आणि दादांच्या डोळ्यांत बघत राहिला.

तेव्हा लेकीने हात उचलला.

“पोरी,” दादा म्हणाले, “तू?”

“मला बाबांचं पटलेलं नाही,” ती म्हणाली. “मला वाटतं, आपण आत असलो तर त्यांना शेडींबद्दल विचारू तरी शकू. बाहेर राहून काय करणार? त्या शेडी आपण पैसे घातले नाहीत म्हणून बंद होणार नाहीत. आणि बाबा, तुम्ही माझ्या मागून गेलात ते मला आवडलेलं नाही. ते आपण घरी बोलू.”

“बोलू,” मधला म्हणाला.

“पण काका, एकाचा हात नसताना फॉर्म भरायचा असेल, तर माझाही नाही. आईचा हात मला मिळाला तो याच बोलीवर. उद्या माझा नसेल तेव्हा तुम्ही म्हणाल, तीन पुष्कळ झाले.”

दादांनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच धाकटीकडे. धाकटीचा हात अजून टेबलावर होता. ती त्या हाताकडेच बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

“मी काढत नाहीये,” धाकटी म्हणाली. “मला खरंच पैसे हवेत, भाऊ. मी खोटं कशाला बोलू? माझे पाय बघ.” मग ती दादांकडे वळली. “पण तुम्ही नियम मोडलात, तर काढीन.”

“म्हणजे कुणीच कुणाच्या बाजूने नाही!” दादा म्हणाले. “काय घर आहे का काय! साहेबा, मिट ते यंत्र.”

साहेबाने लॅपटॉप मिटला. त्याने स्वतःचा हात केव्हा काढून घेतला ते कुणी पाहिलं नाही.

दादा उठून काचांपाशी गेले आणि उगीचच त्या सरळ करत राहिले. सरळच होत्या त्या. पाठ सगळ्यांकडे करून ते म्हणाले, “बरं. फाटकवालीचा प्रश्न गेला. आता पुढच्या कंपनीला काय विचारायचं ते तरी सांग. नुसता हात खिशात घालून काय होतंय?”

मधल्याने हात बाहेर काढला. बोटं आखडली होती. त्याने ती दुसऱ्या हाताने चोळली.

“विचारायचं की हा माल तुमच्याकडे यायच्या आधी कुणाच्या हातात होता. आणि मग तिथे जायचं.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधीही.”

दादा हसले. ते हसू चांगलं नव्हतं. त्यांनी तपकिरी कागदात गुंडाळलेल्या आरशांवर टिचकी मारली. “वा! उभं आयुष्य या दुकानात काढलंस. हे आरसे विकलेस, लोकांच्या घरी जाऊन भिंतीला लावलेस. यांच्या मागचा मुलामा कोण चढवतं, विचारलंस कधी? कुठल्या शेडीत, कुणाच्या हाताने? उगाच दुसऱ्यांच्या फाटकावर चाललाय.”

लेकीने बाबांकडे पाहिलं. धाकटीनेही. साहेब उगीच खोचलेला शर्ट पुन्हा खोचायला लागला.

आरसे एका घाऊक व्यापाऱ्याकडून यायचे. त्याच्या पलीकडे काय आहे याचा मधल्याने खरंच कधी विचार केला नव्हता. त्याला वाटलं होतं की आज आपण उठून जाऊ तेव्हा निदान ताठ मानेने जाऊ. दादांनी तेही ठेवलं नाही.

“नाही विचारलं,” तो म्हणाला.

“मग?”

“गाडी कधी येते त्या व्यापाऱ्याची?”

“सोमवारी.” दादा वळले. “का?”

“सोमवारी त्या गाडीतून जातो.”

“मधल्या, वेडा आहेस का? तिथे काही निघालं तर? आरशांवर निम्मं दुकान चालतं. काय करशील, माझं दुकान बंद पाडशील?”

“आपलं दुकान,” मधला म्हणाला, आणि उठून त्याने शटर वर ढकललं. “काय निघतंय ते बघू आधी.”